मुलांचा कवी आणि पुस्तकांच्या संग्रहालयाचा संचालक: हान्स आडोल्फ हाल्बाय

प्रश्न थोडक्यात असा होता: "जर्मनच्या वर्गात हान्स आडोल्फ हाल्बाय यांची 'उर्लाउब्सफार्ट' म्हणजे 'सुट्टीचा प्रवास' ही कविता वाचली. कवीची ओळख एवढीच दिली होती की ते मुलांसाठी लिहायचे आणि पुस्तकांच्या संग्रहालयाचे संचालक होते. मी मुलांचं वाचनालय चालवते, म्हणून कुतूहल वाटलं. हे गृहस्थ कोण? त्यांच्या नोकरीचा कवितेशी काही संबंध होता, की साहेब फावल्या वेळात कविता करायचे?"

संबंध होता, आणि तो लक्षात घेतला नाही तर हाल्बाय अर्धेच कळतात. फावल्या वेळात कविता करणारे साहेब आपल्याकडे भरपूर, त्यामुळे तुमची शंका रास्तच आहे. पण या माणसाची नोकरीची तीस वर्षं छापील पानाभोवती गेली. १९५७ ते १९७७ ओफेनबाखचं क्लिंगश्पोर संग्रहालय, नंतर १९८७ पर्यंत माइन्त्सचं गुटेनबर्ग संग्रहालय. दिवसभर अक्षरांची वळणं, पानातली मोकळी जागा, चित्र आणि मजकूर यांचं नातं बघायचं, आणि मुलांसाठी लिहायला बसलं की तीच नजर वापरायची. मी जर्मन शिकवतो आणि मुलांच्या पुस्तकांच्या मांडणीचं कामही करतो. त्यामुळे माझा थोडा पक्षपात असेल, तो धरून वाचा.

जन्म १९ जुलै १९२२, गाव सांक्ट वेंडेल. आज हे गाव जर्मनीच्या झारलांड राज्यात आहे. हाल्बाय जन्मले तेव्हा मात्र झार या प्रदेशाचा कारभार राष्ट्रसंघाकडे होता. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या कोळशाच्या खाणी फ्रान्सला मिळाल्या होत्या, आणि जानेवारी १९३५ मध्ये लोकांनी नव्वद टक्क्यांच्या आसपास मतांनी जर्मनीत परत जायचा कौल दिला, म्हणजे तेव्हाच्या हिटलरच्या जर्मनीत. दुसऱ्या महायुद्धानंतर झार पुन्हा फ्रान्सच्या छायेखाली गेलं आणि १ जानेवारी १९५७ ला पश्चिम जर्मनीत सामील झालं. त्याच वर्षी हाल्बाय ओफेनबाखला रुजू झाले. या पिढीबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही मुलं वाचायला शिकली ती बहुतांशी फ्राक्टूर लिपीत, म्हणजे जुन्या टोकदार, मोडलेल्या वळणाच्या अक्षरांत. जर्मन बाणा म्हणून मिरवलेली ही अक्षरं जानेवारी १९४१ मध्ये नाझी राजवटीनंच एका परिपत्रकानं बाद करून टाकली. बालपणी गिरवलेली लिपी ऐन तारुण्यात सरकारी कागदावरून गायब झाली, असा अनुभव घेतलेल्या माणसाला अक्षराचं रूप ही किरकोळ बाब वाटत नाही.

आता ओफेनबाख. हे शहर फ्रांकफुर्टला इतकं चिकटून आहे की परका माणूस त्याला उपनगरच समजतो, आणि ओफेनबाखकरांना ते अजिबात खपत नाही. चामड्याच्या वस्तूंसाठी शहर प्रसिद्ध, पण छपाईच्या इतिहासातही त्याचं नाव दोनदा येतं. आलोइस झेनेफेल्डर यांनी शोधलेली शिळाछपाई धंद्यात उतरली ती इथं, १८०० च्या सुमारास, आंद्रे यांच्या संगीतलिपी छापणाऱ्या कारखान्यात. दुसऱ्यांदा येतं ते क्लिंगश्पोर बंधूंमुळे.

१८९२ मध्ये क्लिंगश्पोर कुटुंबानं इथली एक जुनी टाइप फाउंड्री विकत घेतली. फाउंड्री म्हणजे छापखान्यासाठी शिशाचे खिळे पाडणारा कारखाना. या धंद्यात तोवर अक्षराचं वळण ठरवायचा तो कारागीर, पोलादी ठसा कोरणारा. कार्ल क्लिंगश्पोर यांनी थेट चित्रकारांना बोलावलं. ओटो एकमान यांचा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा एका वळणाचा संच, १९०० मध्ये आला, पेटर बेरेन्स यांचा पाठोपाठ १९०१ मध्ये. हे बेरेन्स पुढे कारखान्यांच्या इमारतींचे वास्तुरचनाकार म्हणून गाजले. नंतर आले रुडोल्फ कोख. ते १९३४ मध्ये मरेपर्यंत ओफेनबाखमध्येच राहिले आणि 'नॉयलांड', 'काबेल' असे टाइप देऊन गेले. आजही जाहिरातींत ते सर्रास दिसतात, फक्त नाव कुणाला ठाऊक नसतं. कार्ल क्लिंगश्पोर स्वतः उत्तम छापलेल्या पुस्तकांचे संग्राहक होते. ते १९५० मध्ये वारले आणि त्यांच्या संग्रहाच्या पायावर १९५३ मध्ये शहरानं संग्रहालय उघडलं. जागा होती बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेल्या ब्युझिंग वाड्याच्या एका बाजूची.

हाल्बाय १९५७ मध्ये संचालक झाले तेव्हा परिस्थिती विचित्र होती. ज्या कारखान्याच्या नावानं संग्रहालय उभं होतं तो आदल्याच वर्षी, १९५६ मध्ये, बंद पडला होता. अशा वेळी सोपा मार्ग असतो तो देवघर करण्याचा: कोख यांची हस्तलिखितं, एकमान यांचे नमुने, काचेची कपाटं, वर्षातून एकदा पुण्यतिथी. ओफेनबाखच्या संग्रहालयानं ती वाट धरली नाही. त्यानं स्वतःचा विषय ठरवला तो विसाव्या शतकातली, म्हणजे चालू काळातली, जगभरातली पुस्तककला. चित्रकारांनी हातानं केलेली पुस्तकं, छोट्या खासगी छापखान्यांची कामं, सुलेखन, भित्तिपत्रकं. आणि यांच्याच पंगतीला मुलांची चित्रपुस्तकं.

ही शेवटची गोष्ट तुमच्या कामाच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून जरा थांबतो. तेव्हाच्या जर्मनीत चित्रपुस्तकाकडे बघणारे दोन पक्ष होते. शिक्षक विचारायचे, यातून मूल काय शिकेल? दुकानदार विचारायचा, आजीला आवडेल का? चित्र कसं आहे, कुठल्या तंत्रानं छापलंय, मजकूर चित्राच्या पोटात बसलाय की खाली चिकटवलाय, हे विचारायला कुणी नव्हतं. क्लिंगश्पोर संग्रहालयात दरवर्षी देशोदेशीच्या चित्रपुस्तकांचं प्रदर्शन भरायला लागलं आणि ही प्रथा हाल्बाय यांच्या वीस वर्षांत पक्की झाली. आजही ती त्या संग्रहालयाची ओळख आहे. एका दालनात शंभर प्रती काढलेलं दुर्मीळ कलापुस्तक, आणि शेजारच्या दालनात पोराटोरांनी हाताळायची झेक, पोलिश, जपानी चित्रपुस्तकं. दोन्ही पारखायची ती एकाच कसोटीवर. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट मुलांच्या पुस्तकांच्या धंद्यात असलेल्यांना विचारा. आपला माल 'खेळणी आणि इतर' या रकान्यातून बाहेर काढायला किती घाम गाळावा लागतो ते ते सांगतील.

याच काळात, १९६५ मध्ये, हाल्बाय यांचं 'पांपेलमूझेनझालाट' आलं. पांपेलमूझे म्हणजे पपनसाच्या जातीचं फळ, तेव्हा 'पपनसाची कोशिंबीर' म्हणा. वाइनहाइमच्या बेल्त्स प्रकाशनाचं हे पुस्तक अंगानं लहान, कविता मोजक्या, चित्रं ग्युंटर श्टिलर यांची. ते ज्या वातावरणात आलं त्याची कल्पना द्यायला हवी. जर्मन बालकवितेची घराणी दोन. एक सोज्वळ: चार ऋतू, ख्रिसमसची मेणबत्ती, झोपलेलं बाळ, शेवटी देवाचे आभार. दुसरं धाक घालणारं, आणि त्याचं आद्यपीठ शेजारच्या फ्रांकफुर्टमध्ये: हाइनरिख होफमान या डॉक्टरांचं 'श्ट्रुवेलपेटर', १८४५ चं, ज्यात अंगठा चोखणाऱ्या पोराचे अंगठे शिंपी कात्रीनं छाटतो. या दोन्हींच्या फटीतून मॉर्गनश्टेर्न, रिंगेलनात्स या कवींचा खट्याळ निरर्थपणा वाहत होता, पण तो मुख्यतः मोठ्यांचा मानला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर जेम्स क्र्यूस आणि योझेफ गुगेनमोस यांनी तो मुलांच्या अंगणात आणला. हाल्बाय या मंडळींतले. गुगेनमोस आणि ते एकाच महिन्यातले, जुलै १९२२ चे, आणि दोघे गेलेही २००३ मध्ये दोन महिन्यांच्या आत. (आपल्याकडे विंदांची 'राणीची बाग' १९६१ ची. परस्परांना ठाऊक नसलेल्या दोन भाषांत साधारण एकाच वेळी मुलांच्या कवितेतला मास्तर रजेवर गेला होता.)

'पांपेलमूझेनझालाट'मध्ये 'ट्राक्टर-गेक्नाटर' नावाची कविता आहे. जर्मन येत नसलं तरी नाव मोठ्यानं वाचून बघा, ट्रॅक्टर सुरू झालेला ऐकू येतो. मुलं ही कविता पाठ करत नाहीत, ती चालवतात. गावात, शेतावर, चिखलात धावणारं यंत्र हा विषयच तेव्हाच्या बालकवितेत नवखा होता. घोडागाडी चालायची, ट्रॅक्टर नाही. 'पिंपरनेले त्स्वीबलहाउट' ही दुसरी लोकप्रिय कविता. आडनावाचा अर्थ कांद्याचं साल. नाव उच्चारताच बाईचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, कवीचं निम्मं काम तिथंच झालेलं असतं.

आता तुमच्या 'उर्लाउब्सफार्ट'कडे येतो, कारण नोकरी आणि कविता यांची सांधेजोड तिच्यात उघडी दिसते. विषय: एक जर्मन कुटुंब मोटारीनं सुट्टीला निघतं. बॅगा, पोरं, बाटल्या, बाहुलीची गाडी, नकाशा. पहाटे उठवणं, न्याहारी, कुलूप, टाटा. मग महामार्ग, गाड्यांची रांग, ऊन, घाम, पेट्रोलचा वास. रांग थांबते तेव्हा आई पाव काढते, बाबा पत्त्यांचा डाव मांडतात, आणि रेडिओ मृतांची बातमी देतो. पुन्हा गाडी, पुन्हा बसून राहणं. मध्यरात्री मुक्कामाला पोचतात तर तिथं आधीच हजारो लोक ताटकळत उभे.

हे सांगताना मी जेवढी वाक्यं वापरली तेवढीही कवितेत नाहीत. जवळजवळ सगळी नामंच, एकामागून एक. ना कर्ता-कर्म, ना उपपदं, विरामचिन्हं नावापुरती. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं काढायचा दंडक आहे, पण ही कविता सगळी लहान अक्षरांतच छापलेली दिसते. वर्गात फळ्यावर लिहिताना ही गोष्ट चटकन जाणवते. सगळे शब्द एका उंचीचे, एकाला एक बंपर लावून उभे. पानावर आधी दिसते ती गाड्यांची रांग, आणि अर्थ त्याच्या मागून येतो. त्याच वेळी कान वेगळंच ऐकत असतो. ओळीत चार ठेके, दोन-दोन ओळींचं यमक, म्हणजे बडबडगीताची चाल. डोळ्यांना खोळंबा आणि कानाला झोका, हा खेळ ज्यानं टाइप आणि पान यांवर वर्षानुवर्षं काम केलंय त्यालाच इतका सहज साधतो.

रेडिओची ती ओळ विद्यार्थी बहुधा गिळून पुढे जातात, कारण चाल थांबत नाही. मी तिथं थांबवतो. १९७० साली एकट्या पश्चिम जर्मनीत रस्त्यांवर १९ हजारांहून अधिक माणसं मेली, तो त्या देशाचा उच्चांक होता. उन्हाळी सुट्टीतल्या रेडिओवर खोळंब्याची आणि अपघातांची बातमी हवामानासारखीच यायची. हाल्बाय तिला पत्त्यांच्या डावाशेजारी ठेवतात आणि एका शब्दात मोकळे होतात. उपदेश नाही, हळहळ नाही. मुलांच्या कवितेत मरणाचा शब्द ठेक्यात बसवायचा आणि ठेका चुकू द्यायचा नाही, याला धाडस लागतं. वर्गात एक सराव घ्या: प्रत्येक जोडीला चार ओळी द्या आणि त्यांची पूर्ण वाक्यं करायला सांगा, क्रियापदं घालून. व्याकरणाचा उत्तम सराव होतो, आणि कविता मरते. ती का मेली यावर मग बोलायला सुरुवात करायची.

१९७७ मध्ये हाल्बाय माइन्त्सला गेले. गुटेनबर्ग संग्रहालय म्हणजे या क्षेत्रातलं सर्वांत मानाचं ठिकाण. १९०० मध्ये, युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्ग यांच्या जन्माला पाचशे वर्षं झाली असं धरून, शहरातल्या नागरिकांनी ते स्थापन केलं. १९४५ च्या बॉम्बवर्षावात इमारतीचं मोठं नुकसान झालं आणि १९६२ मध्ये कॅथेड्रलसमोर नवी प्रदर्शन-इमारत उभी राहिली. तिथं गुटेनबर्ग यांच्या छापखान्याची प्रतिकृती होती. खिळे ओतून, शाई लावून, लाकडी दाबयंत्राचा दांडा ओढून पान छापून दाखवायचे.

हाल्बाय यांच्या तिथल्या कारकिर्दीच्या आरंभीच मोठी घटना घडली. गुटेनबर्ग यांनी १४५५ च्या सुमारास छापलेल्या, पानाच्या प्रत्येक रकान्यात ४२ ओळी असलेल्या बायबलच्या सुमारे १८० प्रतींपैकी ४९ आज शिल्लक धरतात, त्यातल्या कित्येक अपुऱ्या. ज्या शहरात हे बायबल छापलं गेलं त्या माइन्त्सच्या संग्रहालयाकडे तोवर फक्त एका प्रतीचा दुसरा खंड होता, १९२५ मध्ये मिळालेला. १९७८ मध्ये संग्रहालयानं शकबर्ग प्रत म्हणून ओळखली जाणारी दोन खंडांची प्रत घेतली, १८ लाख डॉलरला, न्यूयॉर्कचे ग्रंथविक्रेते हान्स पेटर क्राउस यांच्याकडून. हे क्राउस मूळचे व्हिएन्नाचे ज्यू. नाझींनी त्यांना डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत डांबलं होतं. तिथून सुटून ते अमेरिकेत गेले आणि जुन्या ग्रंथांच्या व्यापारातले जगातले एक मोठे नाव झाले. छापील पुस्तकाचं आद्य ठिकाण आणि तिथल्या पुस्तकाची घरवापसी असं जे कौतुकानं लिहिलं जातं, त्यात हा धागा सहसा गाळला जातो. तो गाळू नये असं मला वाटतं.

आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिम जर्मनीतल्या छापखान्यांत मोठा संप चालू होता. संगणकावर मजकूर जुळवायची पद्धत येत होती आणि खिळेजुळाऱ्यांची शतकांची कला काही वर्षांत निकामी होणार हे स्पष्ट दिसत होतं. कामगारांनी काम थांबवलं, मालकांनी टाळेबंदी केली, कित्येक वर्तमानपत्रं निघाली नाहीत. खिळ्यांनी छापलेल्या पहिल्या मोठ्या ग्रंथासाठी लाखो डॉलर मोजले जात होते तेव्हाच खिळा जुळवणाऱ्याची नोकरी जात होती. हाल्बाय या दोन्हींच्या मधोमध उभे होते. ओफेनबाखला आले ते टाइप फाउंड्री बंद पडल्यावर, माइन्त्सला आले ते शिशाचा धंदाच आवरता घेतला जात असताना. संग्रहालयाच्या दृष्टीनं, क्रूर वाटेल, पण हा सुगीचा काळ असतो. जे कालपर्यंत रोजच्या कामाचं होतं ते आज जपायचं होतं.

१९८७ मध्ये निवृत्त झाल्यावर ते पुन्हा लिखाणाकडे वळले. १९८८ मध्ये 'श्मुर्गेलश्टाइन' हा निरर्थ-कवितांचा संग्रह आला, मोठ्यांनाही वाचायला बोलावणारा. १९९१ मध्ये कार्ल क्लिंगश्पोर यांचं चरित्र. १९९४ मध्ये साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांसाठी छपाईशास्त्राचं पुस्तक: विद्यापीठातले लोक पुस्तकातला मजकूर वाचतात, पण ते पुस्तक कसं घडलं याचा त्यांना पत्ता नसतो, ही त्यांची जुनी तक्रार. १९९७ मध्ये 'बिल्डरबुख: लिटराटूर', ज्यात चित्रपुस्तकाला कमी लेखला गेलेला साहित्यप्रकार मानून त्याची बाजू मांडली आहे. १३ नोव्हेंबर २००३ रोजी माइन्त्समध्ये त्यांचं निधन झालं.

कवी म्हणून त्यांना कुठं बसवायचं? माझं मत विचाराल तर गुगेनमोस त्यांच्यापेक्षा मोठे. गुगेनमोस यांच्या कवितेत एखादा उंदीर, एखादी गोगलगाय खरंच जगत असते. हाल्बाय यांच्या कवितेत भाषा जगते, आणि जिथं भाषेची करामत कमी पडते तिथं मागे फारसं काही उरत नाही. शिवाय त्यांचं लिखाण थोडं. पण पाठ्यपुस्तकांत आणि संग्रहांत त्यांच्या दोन-चार कविता पक्क्या रुतल्या आहेत, आणि मुलांच्या कवीसाठी ही कमाई लहान नव्हे.

तुमच्या वाचनालयासाठी म्हणाल तर 'उर्लाउब्सफार्ट' आणि 'ट्राक्टर-गेक्नाटर' या दोन पुरेशा. पहिली फळ्यावर लिहा, वाचून दाखवण्याआधी नुसती बघू द्या. दुसरी लिहूच नका, आधी मोठ्यानं म्हणा आणि मुलांना म्हणायला लावा. 'पांपेलमूझेनझालाट'ची जुनी प्रत मिळाली तर श्टिलर यांच्या चित्रांसह घ्या. कविता तेवढ्या उचलून संगणकावर नव्यानं टाइप केलेल्या प्रतीत अर्धी मजा जाते. आणि कधी जर्मनीला गेलात तर फ्रांकफुर्टहून ओफेनबाखला लोकल पकडा, मार्क्टप्लात्सला उतरा, तिथून संग्रहालय चालत गाठता येतं. माइन्त्सच्या संग्रहालयाच्या इमारतीचं काम सुरू असल्यामुळे तिथं काय, कुठं मांडलंय याची निघण्याआधी चौकशी करा.